टॅपेट वाजतंय का?

यंदाच्या पावसाळ्यानंतर माझी बुलेट गोड वाजायला लागली. निदान मला तसं वाटलं.

पंचगंगेचं पाणी उतरलं, रस्ते जरा कोरडे झाले, तेव्हा जिन्याखाली झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढली. तिसऱ्या किकला सुरू झाली. चोक बंद केला, रेस थोडी खाली आणली आणि शेजारी उभं राहून ऐकलं. नुसता ठोका. दाट, गोल, ओल्या मातीत पहार मारावी तसा. एरवी त्या ठोक्याच्या अंगाखांद्यावर एक बारीक कटकट खेळत असते, माडीवर कुणीतरी शिवणयंत्र चालवतंय अशी. ती कुठंच नव्हती.

दोन दिवस मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी मेस्त्रींचं बोलणं आठवलं आणि पोटात गोळा आला.

मेस्त्री म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मेस्त्री. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. ‘बुलेटवाले मेस्त्री’ म्हटलं की चहावालाही बोट दाखवायचा. २००१ साली मी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडं तक्रार घेऊन गेलो, टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, ढकलणारा भाग) वाजतंय, तेवढा कटकट आवाज बंद करून द्या. त्यांनी रॉकेलात भिजलेल्या कॉटन वेस्टच्या बोळ्यानं हात पुसले. गाडी दोन मिनिटं ऐकली. म्हणाले, “सायेब, वाजतंय न्हवं? मग निवांत झोपा. वाजायचं थांबलं की पळत या.”

मला ती चेष्टा वाटली. ती चेष्टा नव्हती हे कळायला मला टॅपेटचं झाकण पहिल्यांदा स्वतः उघडावं लागलं.

बुलेटच्या बॅरलच्या उजव्या अंगाला तळाशी एका नटावर बसवलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की आत दोन दांड्या उभ्या दिसतात, एक इनलेट व्हॉल्व्हची, एक एक्झॉस्टची. खाली कॅम फिरतो, दांडी वर ढकलली जाते, माथ्यावरचा रॉकर झुकतो, व्हॉल्व्ह उघडतो. ही दांडी थंड इंजिनावर अशी बसवायची की चिमटीत धरून फिरवली तर सहज फिरावी, पण वर-खाली मुळीच हलू नये. एवढंच. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, लागत नाही, बोटं लागतात. सैल राहिली तर कटकट वाजते, गाडी थोडी आळसावते, सुटे भाग जरा लवकर झिजतात. घट्ट राहिली तर आवाज काही होत नाही. पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लालबुंद होण्याइतका तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता बैठकीवर टेकलेला असतानाच बाहेर जाते. टेकलाच नाही तर तो गुपचूप जळतो. पुढं एके दिवशी घाटात गाडीचं कॉम्प्रेशन जातं आणि मालक म्हणतो, काल तर एकदम मख्खन चालत होती.

म्हणून गाडी गोड वाजायला लागली तेव्हा मला घाम फुटला.

रविवारी सकाळी झाकण उघडलं. आधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणायचा. त्याची जुन्या बुलेटवाल्यांची रीत आहे. चावी चालू करून किक सावकाश दाबत जायची आणि हेडलाइटच्या वरच्या अँपिअरच्या काट्याकडं बघत राहायचं. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटलेले असतात तोवर कॉइल बॅटरीतून ओढ घेते आणि काटा उणे बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की काटा टुणकन मध्यावर येतो. मग डावा हात सिलिंडरातला दाब सोडणाऱ्या डी-कॉम्प्रेशनच्या कांडीवर, किक किंचित पुढं, झालं. हीच रीत गाडी सुरू करायलाही. ती न शिकता नुसत्या मांडीच्या जोरावर किक मारणाऱ्यांना उलटी किक बसते. माझ्या उजव्या नडगीवर २००१ सालची खूण अजून आहे.

तर, एक्झॉस्टची दांडी चिमटीत धरली. घट्ट असणार, फिरायचीच नाही, अशी तयारी ठेवून. ती गरगर फिरली. वर ओढली तर टक् करून हलली. इनलेटचीही तीच गत. दोन्ही दांड्या इतक्या सैल होत्या की गाडी डबा वाजवल्यासारखी वाजत असली पाहिजे. ते ‘टक्’सुद्धा मला बोटांना कळलं होतं, कानाला नाही.

लेक अंगणात ब्रश करत उभी होती. तिला विचारलं, “गं, गाडी वाजते का हल्ली?”

“पप्पा, खरंच विचारताय? गाडी बाहेर काढल्यापासून आई म्हणतीय, तुमची गाडी गल्लीत शिरली की भांड्याचा ट्रक आल्यासारखं वाटतं म्हणून.”

गाडीचं काही थांबलं नव्हतं. थांबलं होतं ते माझ्याकडं.

माझं पोट आवाजावर चालतं, हे इथं सांगायला हवं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सव्वीस वर्षं क्वालिटीला आहे. आता अल्ट्रासॉनिकची यंत्रं आली, पण आमच्या उमेदीत कास्टिंग पारखायची पहिली रीत म्हणजे ते साखळीला टांगायचं, हातोडीनं हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. धड असेल तर खणखणीत, आत तडा असेल तर बद्द. पूर्वी बाजारात रुपया दगडावर आपटून बघत, त्यातलाच प्रकार. नुसता तडाच नव्हे, जातही कळते. एसजी आयर्न, म्हणजे ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं बीड, घंटेसारखं वाजत राहतं. ग्रे आयर्नचा नाद मात्र लगेच मरतो, कारण त्यातलं ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं आणि थरथर त्या पापुद्र्यांत जिरून जाते. बुलेटचं बॅरल या दुसऱ्या जातीचं. बुलेटवाले ‘कास्ट आयर्न’ हा शब्द देवाचं नाव घेतल्यासारखा उच्चारतात त्यामागं भाबडेपणा बराच आहे, पण त्या बॅरलनं आतला खडखडाट अंगात जिरवायचा आणि ठोका तेवढा बाहेर सोडायचा, यात मात्र धातुशास्त्र आहे.

याच फाउंड्रीत फेटलिंग शॉप असतं. तिथं कास्टिंगची जास्तीची धार ग्राइंडरनं उडवतात. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि फेटलिंगमधला आवाज त्या आकड्याला विचारत नाही. कानात घालायचे बोळे आम्हाला मिळायचे. मी ते गळ्यात अडकवायचो. कास्टिंग वाजवून बघणाऱ्यानं कानात बोळे घालायचे म्हणजे चव बघणाऱ्या आचाऱ्यानं जीभ बांधायची, असं मला वाटायचं. तेव्हा मी फार हुशार होतो.

कानाच्या डॉक्टरांकडं एका काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मग त्या मॅडमनी आलेख पुढं ठेवला. २५० हर्ट्झपासून १००० पर्यंत रेष नाकासमोर चाललेली. २००० ला थोडी खाली. ४००० ला विहीर. ८००० ला पुन्हा जरा वर. मॅडम म्हणाल्या, हा खड्डा आम्हाला ओळखीचा आहे, कारखान्यातल्या माणसांच्या आलेखात तो इथंच पडतो. कानाच्या आत शंखासारख्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात, त्यातल्या वरच्या पट्टीच्या पेशी अशा मरतात. माणसात त्या परत उगवत नाहीत.

“साठ म्हटलं की आठ ऐकू येतं का कधी?” त्यांनी विचारलं. बायको शेजारी बसली होती. ती इतकी जोरात ‘हो’ म्हणाली की मला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. स, श, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती आधी जातात. स्वर शाबूत राहतात. म्हणून माणसाला वाटत राहतं की आपल्याला ऐकू येतंय, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

घरी येताना मी बुलेटचा हिशेब मांडला. गाडी उभी असताना मिनिटाला नऊशे फेरे धरले तर चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरात सेकंदाला साडेसात स्फोट होतात. तो दाट, खालचा ठोका मला पुरेपूर ऐकू येतो. टॅपेटची कटकट तीक्ष्ण, बारीक, वरची. ती ४००० च्या विहिरीत पडली. म्हणजे गाडी गोड वाजत नव्हती, माझ्या कानानं तिच्यातलं तिखट वेचून बाजूला काढलं होतं. बुलेटवाले ज्या शुद्ध ठोक्यासाठी जीव टाकतात तो मला फुकटात मिळाला होता, आणि त्या ठोक्याखाली माझं इंजिन हळूहळू खिळखिळं होत होतं.

ठोक्यासाठी जीव टाकणाऱ्यांत मीही होतो. गाडी घेतली त्या वर्षी मीही इंदोरी सायलेन्सर बसवला. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, मला धन्य वाटायचं. मेस्त्रींनी तो तीन महिन्यांनी न विचारताच उतरवला. ते म्हणाले, ह्यो पिपाणी वाजत असताना तुमचं इंजिन काय बोलतंय ते मला ऐकू येत न्हाई. आता पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोलर फिरवतात. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलीला नियमानं ८० डेसिबलची मर्यादा आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोप आहे, सगळं बरोबर. पण मला मेस्त्रींचं कारण जास्त पटतं. फटाके फोडत जाणाऱ्या पोरांना स्वतःच्याच गाडीचं काही ऐकू येत नसतं.

कागदावर माझी गाडी १९९४ ची, ३४६ सीसी, बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. हे रॉयल एनफील्डचं घराणं मूळ इंग्लंडातल्या रेडिचचं. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या सोबतीनं एनफील्ड इंडिया उभी राहिली, तिरुवोत्तियूरला कारखाना झाला, आणि विलायतेत हे इंजिन बनायचं थांबलं तरी आपल्याकडं किरकोळ फेरफारांनिशी पन्नासेक वर्षं चालत राहिलं. आपण मोटारसायकलला फटफटी म्हणतो ते उगीच नाही. चार सिलिंडरांच्या गाडीला कुणी फटफटी म्हणालं नसतं. एकच सिलिंडर असलं की दोन ठोक्यांच्या मधली मोकळी जागा ऐकू येते, आणि त्या मोकळ्या जागेनंच हा शब्द घडवलाय. आमच्या उसाच्या रानात विहिरीवरचं ऑइल इंजिन होतं तेही एकाच सिलिंडरचं. रात्रीचं पाणी पाजताना आजोबा बांधावर बसून सांगायचे, हे आपलं, ते पाटलाचं, ते लांबचं वढ्यापल्याडचं. सगळी इंजिनं सारखीच, पण प्रत्येकाची धाप वेगळी.

कान गेला तरी थरथर उरते, हे मला आता रोज कळतं. आणि एका सिलिंडरला थरथर चुकत नाही. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला शंभर वेळा तो थांबून उलटा फिरतो. वरच्या वळणावर त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या साडेचारशे पटींहून जास्त असतो. पाव किलोचा ऐवज धरला तरी वर शंभर किलोच्या वरची ओढ, आणि खाली त्याहून थोडी कमी, उलट दिशेनं. शेजारी दुसरा पिस्टन असता तर त्यानं थोडंफार सावरलं असतं. इथं तो एकटा. म्हणून क्रँकच्या फ्लायव्हीलला उलट बाजूला वजन ठेवतात. पण ते वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ हलतो, त्यामुळं पूर्ण भरपाई केली तर वर-खाली हादरायची गाडी पुढं-मागं हादरायला लागते. मग कारखाना निम्म्याच्या आसपास भरपाई करून उरलेली थरथर चालवणाऱ्याच्या हातापायांत वाटून देतो.

माझ्या गाडीत ही वाटणी ताशी पन्नास ते साठच्या दरम्यान सुसह्य असते. सत्तरला आरशातला ट्रक विरघळतो. ऐंशीला पायखुंटीतून पोटरीत मुंग्या चढतात. गगनबावड्याला जाऊन येईपर्यंत, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरांत, काही ना काही सैल होतंच. मागच्या मडगार्डची पट्टी तिच्या बोल्टाच्या भोकापाशी चिरते. नंबरप्लेटला तडा जातो. हेडलाइटच्या बल्बची तार तुटते. सायलेन्सरच्या ब्रॅकेटचा नट तर दर दोन-तीन महिन्यांनी आवळावा लागतो, नाहीतर तो वाटेत कुठं पडला तेही कळत नाही. स्प्रिंग वायसर टाका, नायलॉनचा नट टाका, थोडे दिवस बरे जातात. नुसतं आवळत सुटणाराही फसतो, अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि पाच रुपयांच्या नटापायी क्रँककेस लेथवर न्यावी लागते. कोल्हापूरकराला आवळताना दम धरवत नाही, हा माझा अनुभव आहे.

भाच्यानं नवी ३४९ सीसीची घेतली. त्या इंजिनात क्रँकच्या उलट्या दिशेनं फिरणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, पिस्टनचा हिसका तो जवळजवळ खाऊन टाकतो. ऐंशीला आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता आला. मी परत येऊन ‘छान आहे’ म्हणालो, आणि छानच आहे, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण त्या गाडीनं चाळीस किलोमीटरांत मला स्वतःबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. माझीला तोंड आवरता येत नाही. प्लगवर काजळी धरली की ती हँडलातून अडखळते. चेन सैल झाली की रेस सोडताना पायखुंटीला हिसका देते. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी, ती मिटत आली की वेग पकडताना ठोका मधूनच गाळते. हे सगळं मी आता तळव्यांनी वाचतो. मधल्या पिढीच्या ३४६ सीसीच्या बुलेटींत टॅपेट हायड्रॉलिक होते, तेलच त्यांची फट भरून काढायचं, उघडायचं कामच नव्हतं. माझ्यासारख्यानं खरं तर तसलीच घ्यावी. बायको हे माझ्या चांगल्या कानात सांगून झालीय.

ज्याच्यापुढं तळव्यांचंही काही चालत नाही, त्याला मेस्त्रींचा स्क्रू-ड्रायव्हर. हातभर लांब, लाकडी मुठीचा. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. टॅपेटच्या झाकणावर, मग हेडवर, मग डावीकडं चेनकेसवर. डॉक्टरीणबाईंनी माझ्या कानामागं तसलंच एक बटण टेकवून तपासलं तेव्हा मला हसू आलं. हाडातून ऐकलं तरी विहीर तेवढीच खोल निघाली, म्हणजे बिघाड पडद्यात नाही, आत आहे. तरीही स्क्रू-ड्रायव्हर मला उपयोगी पडतो. हवेतून चार हात चालत आलेली कटकट मला पोचत नाही, पण लोखंडातून थेट कवटीत घातलेली पोचते. फिकी, पण पोचते.

मेस्त्री आता गावी असतात, कागलच्या पलीकडं. गुडघे गेले म्हणून दुकान मुलाकडं, आणि मुलगा स्कूटरी बघतो. टॅपेट सैल निघाल्याच्या दिवशी मी त्यांना फोन लावून गाडीजवळ धरला. ते म्हणाले, सायेब, गाडी चालूच करा की. गाडी चालूच होती. मागाहून लेकीनं सांगितलं, हल्लीचे फोन अशा आवाजाला गोंगाट समजून आपसूक गाळून टाकतात. म्हणजे फोनही माझ्यासारखाच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी लेकीनं आणि मी मिळून काम काढलं. तिचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, शाखा कॉम्प्युटर, हाताला ऑइल लागलं की चेहरा वाकडा. झाकण उघडलं, लॉकनट सैल केला, पातळ पान्यानं दांडी जराशी वाढवली, पुन्हा जराशी. “फिरतेय?” “फिरतेय.” “वर-खाली?” “नाही.” नट आवळताना माप हमखास हलतं, म्हणून परत तेच. इनलेटला दोनदा, एक्झॉस्टला चारदा. शेवटी तिची बोटं बरोबर सांगत होती आणि माझी शंका घेत होती. मी तिच्या बोटांवर सोडलं.

गाडी सुरू केली. मला काहीच फरक कळला नाही. तोच गोल ठोका. ती मान तिरकी करून ऐकत राहिली.

“गेलं का?”

“बरंच गेलं. थोडं आहे. टिकटिक.”

“तेवढं असू दे.”

“पण पप्पा, डावीकडून पण काहीतरी येतंय. सायकलची चेन गार्डला घासते ना, तसं.”

मी स्क्रू-ड्रायव्हर चेनकेसवर टेकवला, मूठ कानामागं लावली. बराच वेळ काही नाही. मग ठोक्याच्या मागून खर्र, खर्र. प्रायमरी चेन, इंजिनाकडून क्लचकडं जाणारी. पाव इंचाची ढील हवी, ती वाढली असणार. केस उघडायची म्हणजे तेल काढायचं, नवं पॅकिंग लावायचं, ते दसरा झाल्यावर. मी स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिनं तो आधी चुन्नीला पुसला, आणि ती चुन्नी आईची निघाली.

दुसऱ्या दिवशी पाने, हातोडी, फिलर गेज पाटावर मांडून हळदकुंकू लावलं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला झेंडूचं फूल बांधलं. दसऱ्याला संध्याकाळी मेस्त्रींचा फोन आला. सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा, पोरीचं शिक्षण कसं चाललंय, पाऊस लई झाला औंदा. आणि मग त्यांचा नेहमीचा प्रश्न.

“टॅपेट वाजतंय का?”

“थांबा,” म्हटलं, आणि फोन लेकीकडं दिला.